रविवारची काठी

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही काय, एक जुनाट काठी! बरोबर आहे. काठीच आहे मी, आणि जुनीही आहे. सुरूच्या लाकडाची. आमच्या कुक बेटांवर सुरूचं लाकूड फार कणखर मानतात. त्याच्यावर कोयता मारला तर धार कोयत्याचीच जाते. अशा लाकडाची काठी म्हटल्यावर ती धीट असणार, असं सगळ्यांना वाटतं. माझ्यावर भार टाकून किती जणांनी धीर धरला आहे! पण तुम्हाला खरं सांगते, मी जन्माची भित्री आहे.

आणि माझ्या भीतीला कारण आहे. माझं झाड वाढलं ते आवाच्या समोर.

आमच्या बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे. बाहेरचा मोठा समुद्र त्या बांधावर येऊन फुटतो, आणि आतलं उथळ पाणी न्हाणीघरातल्या पाण्यासारखं शांत असतं. पण लाटा बांधावरून आत पाणी टाकतच राहतात. ते पाणी बाहेर जाणार कुठून? बांधाला एका ठिकाणी खिंडार आहे, तिथून. त्या खिंडारालाच आम्ही आवा म्हणतो. बाहेर लाटांचा जोर असला की आवातून पाणी असं ओढीने जातं, की पोहणाऱ्याला कळायच्या आत तो बांधापलीकडे पोचतो. आणि गंमत अशी, की सगळ्या किनाऱ्यावर गुळगुळीत, बिनलाटांचं, पाहताक्षणी उतरावंसं वाटणारं पाणी तेवढंच! माझ्या झाडाने तिथून नारळ जाताना पाहिले, चपला जाताना पाहिल्या, एकदा एक कुत्रा गेला. तो परत आला नाही.

एका वादळात झाड पडलं. रुआ नावाचा कोळी आला, त्याने एक सरळ फांदी निवडली आणि तासून, घासून, खोबरेल लावून मला घडवलं. मग तो मला घेऊन त्याच्या थोरल्या बहिणीकडे गेला.

"घे ताई, तुला काठी."

"मी काय म्हातारी झाले?" तेपाएरूमाई फणकारली.

"तू नाही गं, तुझा गुडघा झालाय. तू आपली त्याच्यासोबत राहतेस, इतकंच."

माईने मला घेतलं, आणि त्याच्याच पाठीत एक हलकी घातली. ते माझं पहिलं काम.

माईच्या घरामागे दोन खोल्या होत्या. त्यांत पाहुणे उतरत. पाहुणा डोंगर ओलांडायला निघाला की माई मला त्याच्या हातात देई. बेटाच्या मधोमध डोंगराची धार आहे. वाट अशी, की मुळांच्या पायऱ्या चढायच्या, दोर धरून घसरत उतरायचं. एकेकाचा पाय निसटला की सगळा भार माझ्यावर येई आणि मी मनात डोळे मिटून घेई. खाली आल्यावर पाहुणे मला थोपटत, "काय भक्कम काठी आहे!" म्हणत. मी अजून आतून थरथरत असे, पण ते कुणाला कळणार?

घरी असले की मी नीरफणस पाडायची. शनिवारी दुसऱ्या दिवसाच्या जेवणासाठी उमू लावत, म्हणजे जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर जेवण पुरून ठेवत. तेव्हा रुआ माझ्याच टोकाने निखारे सारायचा. आगीची भीती वेगळीच! माझं टोक अजून काळं आहे.

पण माझं खरं काम आवाचं. बाहेर जोर आहे असं दिसलं की रुआ नाहीतर माई मला वाळूत रोवून उभी करत आणि डोक्याला लाल फडकं बांधत. गावातल्या माणसांना माझी गरज नव्हती. त्यांना पाण्याच्या आवाजावरून कळे. मी पाहुण्यांसाठी. माई प्रत्येकाला आल्या दिवशीच सांगे, "काठी उभी असली की पाण्यात जायचं नाही." पाहुणे मान डोलावत. मी उभी राही, समोर तो गुळगुळीत पट्टा सरकत असे आणि माझ्या पायाखालची वाळू थोडी थोडी निघत असे. असे किती दिवस काढले, ते माझं मला माहीत.

आणि रविवारी मी माईबरोबर चर्चला जायची. इतर दिवशी ती गुडघ्याला शिव्या देत चालायची. चर्चच्या वाटेवर शिव्या चालत नाहीत, म्हणून मला घ्यायची. आदल्या दिवशी मला आवापाशी रोवलेलं असलं, तर सकाळी स्वतः येऊन उपटायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आमच्या गावात रविवारी पाण्यात कुणी उतरतच नाही! कोळी होडी काढत नाही, पोरं डुंबत नाहीत. मग काठी कुणासाठी उभी ठेवायची?

अशात मारेन आली. डेन्मार्कची. ती शाळेत शिकवायची, आणि एकाएकी सगळं सोडून थोड्या दिवसांसाठी इकडे आली होती. ते थोडे दिवस वाढत गेले. आंब्यांचा मोसम आला, सरला, मारेन होतीच. डोंगराची अशी वाट राहिली नाही जी आम्ही दोघींनी पाहिली नाही. कधी पश्चिमेच्या किनाऱ्यावर शिंपले बघत हिंडायचं, कधी रानातल्या ओढ्यात पाय सोडायचे. पहिल्यांदा कच्चा मासा पुढे आला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"खा गं, तो मेलाय," रुआ म्हणाला. "लिंबात मुरलाय, नारळाच्या दुधात बुडालाय. आणखी किती मारायचा त्याला?"

पुढे ती तोच मासा वाडगा पुसून खाऊ लागली. अळूची पानं खोबऱ्याच्या दुधात शिजवायलाही शिकली. माईने तिच्यासाठी माडाच्या कोवळ्या पातीची टोपी विणून घेतली, आणि दर रविवारी दोघी टोप्या घालून चर्चमध्ये शेजारी बसू लागल्या.

नवा पाहुणा दहादा विचारतो. मारेन आता विचारेनाशी झाली होती. घरच्या माणसाला कोण काय सांगतं, आणि घरचं माणूस कुणाला काय विचारतं? मला त्याचीच धास्ती वाटायची.

त्या शनिवारी आम्ही डोंगराची धार ओलांडून पलीकडे गेलो आणि त्याच वाटेने परत आलो. रात्री पाऊस पडून गेल्याने वाट तेलकट झाली होती. उतारावर मारेनचे पाय लटलटू लागले. ती एका मुळावर बसली आणि पोटऱ्या चोळत मलाच म्हणाली, "उद्या उठल्या उठल्या समुद्रात पाय सोडून बसणार बघ. मगच चर्च."

हे तिने मला सांगितलं. मला! मी कुणाला सांगणार होते?

घरी पोचल्यावर ती चार घास खाऊन लवंडली. संध्याकाळी रुआने समुद्राकडे कान दिला, "दक्षिणेकडून मोठं पाणी येतंय," म्हणाला आणि मला आवापाशी रोवून आला. सकाळी माई आली. मला उपटलं, फडकं सोडलं आणि निघाली. मी रस्ताभर मनातल्या मनात ओरडत होते. मागे आवा घोंघावत होता.

मला मागाहून कळलं, घरून निघताना मारेन खोलीतून म्हणाली होती, "माई, तुम्ही व्हा पुढे. पाय आखडलेत. मी येतेच मागून." माईला वाटलं, झोपू दे पोरीला.

चर्चमध्ये आमची माणसं गातात ते ऐकायला छप्पर घट्ट हवं. बायकांचे सूर वर चढतात, पुरुष खालून हुंकारतात, भिंतींनाही कापरं भरतं. त्या दिवशी मला त्या गाण्याच्या फटींतून समुद्र ऐकू येत होता. दार उघडं होतं. दारातून कुणी टोपी घालून आत येतं का, मी बघत होते. कुणी येईना.

माईने मला मांडीला टेकवून ठेवलं होतं. गाता गाता तिने पांढऱ्या झग्याकडे पाहिलं. त्यावर ओला डाग पडला होता, वाळूचा. माझ्या टोकाचा. ती आधी पुटपुटली, डाग झटकू लागली. मग तिचा हात थांबला. तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"रुआ," ती मागे वळून म्हणाली, "काठी इथे आहे."

"मग कुठे असणार? चर्चमध्ये काठी चोरतंय कोण?"

"काठी इथे आहे, रुआ!"

रुआचं तोंड गाण्यासाठी उघडलेलं होतं. ते तसंच राहिलं.

भर प्रार्थनेतून माई उठली. आमच्या गावात असं कुणी करत नाही. पाळकांनी मान वर करून पाहिलं. ती मला टेकत नव्हती, मला दाणदाण आपटत धावत होती. त्या गुडघ्याने! रस्ता ओलांडला, माडांमधून वाळूवर आलो. वाळूवर मारेनच्या चपला होत्या, टॉवेल होता, टोपी होती.

आणि दूर, त्या गुळगुळीत पट्ट्यात, एक डोकं दिसलं. मारेन किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारत होती, आणि तरी मागे मागे जात होती.

"भांडू नकोस!" माई ओरडली. "पाण्याशी भांडू नकोस! नेऊ दे तुला! बाहेर नेऊ दे, तिथे ओढ संपते!"

एवढ्या आवाजात काय ऐकू जाणार? माईने डोक्यावरची टोपी ओढली, माझ्या टोकाला अडकवली आणि मला दोन्ही हातांनी उंच धरलं. तू दिसलीस, आम्ही आलोय, एवढंच सांगायचं होतं. मी आयुष्यात कधी एवढी ताठ उभी राहिले नसेन. माईच्या हातांचं कापरं माझ्या अंगभर भरलं होतं. तिचं कुठलं आणि माझं कुठलं, कळत नव्हतं.

मारेनने हात मारायचे थांबवले. बघितलं म्हणून, की दमली म्हणून? मग एक लाट उचलली गेली आणि डोकं दिसेनासं झालं.

रुआ काळ्या कोटासकट होडी ढकलत होता. सगळं चर्च किनाऱ्यावर आलं होतं. होडी वाळूत रुतली, तेव्हा पाळकसाहेब कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि त्यांनी खांदा लावला. गावाच्या रविवारात पहिल्यांदाच इंजिनाचा आवाज उठला. होडी आवातून गेली, बांधावरच्या पांढऱ्या फेसामागे एकदा वर आली, मग गेली ती गेलीच.

मित्रांनो, मी वादळात मोडले आहे, आगीत भाजले आहे. पण ते वाट बघणं! मागे कुणीतरी हलक्या आवाजात गाणं धरलं, तशी माई गरकन वळली. "गप्प बसा! इंजिन ऐकू दे!"

सगळे गप्प झाले. नुसती लाट फुटायची आणि ओसरायची. पाण्याकडे बघायचीही मला भीती वाटत होती, आणि माई मला खाली घेत नव्हती. तिचे दंड थरथरू लागले, तेव्हा एका बाईने काठी धरायला हात पुढे केला. माईने तो झटकला.

मग फार लांबून आवाज आला. कुणी म्हणालं, इंजिन. कुणी म्हणालं, वारा आहे. इंजिनच होतं.

होडी वाळूला लागली. मारेन तळाशी पडली होती, रुआच्या कोटात गुंडाळलेली. गुडघे प्रवाळाने सोलवटले होते, ओठ निळे पडले होते. ती खारं पाणी ओकली, आणि माईचा हात धरून पहिलं काय म्हणाली?

"काठी नव्हती, माई."

रागाने नाही. लहान मुलाने सांगावं तसं. "मी बघितलं ना. काठी नव्हती."

माई मला धरून हळूहळू खाली वाळूत बसली. मारेनचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या केसांतली वाळू काढू लागली. मग म्हणाली, "असली की जायचं नाही, एवढंच मी सांगितलं. नसली तर काय, ते सांगितलंच नाही गं मी. आम्हाला कुणालाच ते सांगावं लागत नाही."

दुपारी उमू उकरला. माईने मारेनला अळू आणि रताळं स्वतःच्या हाताने भरवलं, नको नको म्हणत असताना भरवलं. रुआ ओल्या कोटाकडे बघत म्हणाला, "लग्नाचा कोट होता माझा. बायकोने पळून जायची धमकी दिली होती तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो." कुणी हसलं नाही. मग मारेन हसली, आणि हसता हसता रडू लागली.

त्यानंतर मी चर्चला गेले नाही. माई रुआच्या दंडाला धरून जायची, आणि मी रविवारीसुद्धा आवापाशी उभी असायची. वर्षांमागून वर्षं खाऱ्या पाण्यात माझा पाय कुजला. रुआने तो दोनदा कापला. आता मी इतकी आखूड झाले आहे, की माईला टेकायला पुरत नाही. किनाऱ्यावर लोखंडी पाटी आली आहे, मोठ्या अक्षरांची. पाहुणे तिला टेकून फोटो काढतात. मी चुलीच्या कोपऱ्यात असते. तिथूनही दक्षिणेचं पाणी आलं की मला ऐकू येतं आणि माझ्या अंगावर काटा येतो.

मित्रांनो, मला पुन्हा तेल लावा, कौतुक करा, असं मी म्हणणार नाही. एकच मागते. आपलं माणूस पाण्याच्या काठी राहत असेल, तर त्याला काठीच्या नाहीतर पाटीच्या भरवशावर सोडून जाऊ नका. तोंडाने सांगा. घरचं झालं असेल तर जास्त सांगा, कंटाळेपर्यंत सांगा. आणि तुम्ही स्वतः कधी आमच्यासारख्या बेटावर राहिलात, तर कोपऱ्यात पडलेल्या या भित्रीचं एवढं ऐका: किनाऱ्यावर खुणेची काठी उभी दिसली, तर पाण्यात उतरू नका. दिसली नाही, तर आधी कुणाच्या तरी दारात जा आणि विचारा, ती काठी आज गेली कुठे?