शुक्रवारचा पाव

मी बटाट्याची साल बोलतेय. हो, तीच, जिला तुम्ही न बघता बादलीत टाकता. राग नाही माझा, सवय आहे.

वेफर्सच्या कारखान्यात यंत्रानं सोललं, तेव्हा बटाटा पुढे गेला आणि मी घमेल्यात पडले. तिथून खड्ड्यात जायचं आणि कुजून वास मारायचा, एवढंच आमचं आयुष्य. पण तपासणीच्या खोलीतल्या ताईंनी मला उचललं. हिरवट साली कडू म्हणून वेगळ्या काढल्या. बाकीच्यांना धुतलं, उकळलं, फडक्यातून गाळून सगळं पिठूळ पाणी काढलं, मग वाळवून दळलं. उरले ते नुसते तंतू. मी मातकट पूड झाले.

मला एकच गोष्ट येते, पाणी धरून ठेवणं. माणसांच्या तोंडात तीळ भिजत नाही, मी आपली गप्प बसते.

दोन वर्षं ताई मला पावात घालून बघत होत्या. कधी पाव विटेसारखा व्हायचा, कधी मातीचा वास यायचा. शेवटी मालक म्हणाले, "शुक्रवारी शेवटचं बघतो. नाहीतर ही खोली पॅकिंगला देऊ, आणि तुम्हीही दुसरीकडे काम बघा."

शुक्रवारी दोन पाव मांडले, एक साधा आणि एक माझा. मालकांनी दोन्ही चाखले.

"फरक काय?"

"पोटाला चांगला, साहेब. यातले तंतू..."

"अहो, गिऱ्हाईक तोंडानं खातं! आमच्या आईला दात नाहीत, ताजा असेल तरच पाव खाते. तिला काय तंतू सांगू?"

ते निघून गेले. ताई रडल्या. पाव आवरायचंही त्यांना सुचलं नाही, ते फडक्याखाली तसेच राहिले.

सोमवारी मालक किल्ली घ्यायला आले. ताई बरण्या खोक्यात भरत होत्या. मालकांना भूक लागली असावी. फडकं उचलून त्यांनी साधा पाव दाबला, तो कडक झाला होता. दुसरा दाबला, तर बोट आत गेलं.

"हा आज आणलात?"

"नाही. शुक्रवारचाच आहे."

एक घास खाल्ला, मग दुसरा. उरलेला पाव त्यांनी रुमालात बांधला.

"आईला नेतो," म्हणाले. "आणि त्या बरण्या परत फळीवर ठेवा."

किल्ली मागायची राहूनच गेली.

थोडी मी त्या रुमालातून गेले, बाकीची बरणीत आहे. माझं कौतुक नको. साल काढाल तेव्हा हात कुठे जातोय तेवढं बघा. येते मी.