थायरॉईडचा राग

बायकोला थायरॉईड आहे असं कळलं, तेव्हा मालकांचा जीव भांड्यात पडला.

मालक म्हणजे लाँड्रीचे मालक. तसं दुकान दोघांचं होतं. पुढे काउंटरवर बाई, मागे वाफेच्या प्रेसवर मालक, मध्ये एक पडदा. पण गिऱ्हाइकं यांना मालक म्हणत आणि त्यांना बाई, आणि हे कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. बाईंचा आवाज खणखणीत. "निळ्या सुटाचं काय झालं?" असं त्या पडद्याकडे तोंड करून विचारत. मग जरा मोठ्यानं विचारत. मग अशा विचारत, की सूट न्यायला आलेला माणूसच म्हणे, राहू द्या, मी उद्या येतो. मालक आतून ओ देत नसत. हातात काम असताना बोललं की घडी चुकते, असं त्यांचं म्हणणं.

या बाईंनी एके सकाळी जाहीर केलं, की महिनाअखेरीला त्या बहिणीकडे राहायला जाणार. बहिणीचं दुसऱ्या गावात शिवणकामाचं दुकान होतं आणि वर एक खोली रिकामी होती.

"किती दिवस?" मालकांनी विचारलं.

"दिवस कशाला मोजायचे?" असं म्हणून बाईंनी पलंगाखालची बॅग काढून उन्हात ठेवली.

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान त्यांनी कसंही रेटलं असतं, काउंटरला माणूस ठेवला असता. पण संध्याकाळी कुलूप लावून ज्या घरात बाई नाहीत त्या घरात जायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. हे त्यांना स्वच्छ कळत होतं. कुणाला तरी सांगावं असंही वाटत होतं. ते बाईंनाच सांगायचं असतं, एवढं मात्र सुचलं नाही.

त्यात लेकीने आईला रक्त तपासायला लावलं. आई फार थकलेली दिसते, म्हणून. नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, थायरॉईड जोरात चाललेला दिसतो. चिडचिड होते का? उकडतं का? झोप लागते का? बाईंनी तोंड उघडायच्या आत मालकांनी सगळ्याची उत्तरं देऊन टाकली. होते, फार उकडतं, अजिबात नाही. डॉक्टरांनी हार्मोनच्या तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. तिथली वेळ पंधरा दिवसांनंतरची मिळाली. तोवर काळजी करू नका, असं बजावलं.

मालक काळजी करणारच नव्हते. डाग कशाचा आहे ते कळलं की निम्मं काम झालं, या एका तत्त्वावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. चहाचा असो, शाईचा असो, गंजाचा असो. बायकोचा राग हा एकच डाग असा होता, की ज्याचं मूळ त्यांना कधी सापडलं नव्हतं. आता ते गळ्यातच सापडलं.

"तू नाही गं बोलत," ते मायेनं म्हणाले. "ग्रंथी बोलतेय."

बाईंनी हातातला हँगर सावकाश खाली ठेवला. मालकांनी तेही ग्रंथीच्याच खात्यावर मांडलं.

मग त्यांनी गिऱ्हाइकांनाही समजावून सांगायला सुरुवात केली. मनावर घेऊ नका, हार्मोन वाढलेत. गिऱ्हाइकं बाईंकडे कनवाळूपणे पाहू लागली. वाफेनं जीव घुसमटतो, मागचं दार तरी उघडा, असं बाई म्हणाल्या. मालक म्हणाले, उकडणारच, ते लक्षण आहे. मी महिनाअखेरीला जाणार आहे, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. मालक म्हणाले, गोळी सुरू झाली की बघू. बॅग त्यांनी परत पलंगाखाली सरकवली. बाईंनी काढली. यांनी पुन्हा सरकवली. लेकीचं ब्यूटी पार्लर होतं, तोंड बघून माणूस ओळखायची तिला सवय. ती म्हणाली, "बाबा, आई खरंच तुमच्यावर चिडलेली असू शकते."

"रिपोर्ट वाच," मालक म्हणाले.

आणि एके संध्याकाळी कपडे मोजता मोजता बाईंनी विचारलं, "खरंच का हो? इतकी वर्षं मी उगाच चिडत होते?"

"उगाच कसं? आजारामुळे."

बाई आपल्या हातांकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी पडद्यापलीकडून एकही हाक आली नाही. मालकांना तासभर फार बरं वाटलं. दुपारपर्यंत ते पडदा सारून चार-पाचदा डोकावून गेले. कुणाची तरी शाल दुसऱ्याच्याच पिशवीत गेली, त्या माणसानं वाद घातला, आणि बाई म्हणाल्या, असेल, माझंच चुकलं असेल. चूक मालकांची होती. त्यांनी पुढचा शर्ट प्रेसवर पसरला.

हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गळ्याचा प्लास्टिकचा नमुना होता.

"त्रास काय होतो?"

"चिडचिड," मालक म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं." मग त्यांनी नमुना पुढे ओढला. "मेंदूखाली पिट्युटरी म्हणून वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती गळ्यातल्या थायरॉईडला हुकूम सोडते, हार्मोन बनव. थायरॉईड बनवते. ते रक्तातून सगळीकडे जातं, आणि हृदय किती पळणार, अंगात ऊब किती राहणार, खाल्लेलं किती वेगानं खर्च होणार, ते त्यावर ठरतं. रक्तात पुरेसं आलं की पिट्युटरी हुकूम आवरते."

"म्हणजे काउंटर आणि प्रेस," मालक म्हणाले.

"असेल. आणि खालून काही आलंच नाही, तर वरचा हुकूम वाढत जातो. आणखी वाढतो. तेव्हा आम्ही पिट्युटरीला दोष देत नाही. ती तिचं काम करत असते. खालून उत्तर येत नसतं."

बाईंनी मालकांकडे पाहिलं. मालक नमुन्याकडे पाहत होते.

"तुमच्या रिपोर्टमध्ये उलटं आहे. हुकूम जवळपास बंद, तरी माल भरपूर. पण तुमची नाडी शांत आहे, हात कापत नाहीत, वजन होतं तेवढंच आहे. रिपोर्ट एक सांगतो आणि माणूस दुसरं. काही औषध घेता?"

"काही नाही," मालक म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"केस गळतात म्हणून लेकीने गोळ्या दिल्यात," बाई म्हणाल्या. "रोज घेते. मोठ्या आहेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं, त्या म्हणाल्या. ते जास्त पोटात गेलं की थायरॉईडच्या काही तपासण्या चुकतात. फसते ती तपासणी, शरीर ठणठणीत असतं. गोळ्या बंद करा, आठवड्यानं पुन्हा रक्त द्या.

आठवड्यानं रिपोर्ट आला. सगळं जागच्या जागी.

"थायरॉईड उत्तम आहे. औषध नको."

"मग तो राग?" मालकांनी विचारलं.

"तो माझ्याकडे येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर व्हरांड्यात बाकडं होतं. मालक त्यावर बसले. एकदम म्हाताऱ्यासारखे बसले.

"अगं, मग राग कशाचा?"

बाई उभ्याच राहिल्या. हा प्रश्न येईल अशी त्यांची तयारीच नव्हती. मग त्याही बसल्या.

"मी विचारते तेव्हा तुम्ही बोलत नाही. आणि दुसरं कुणी मला विचारलं की माझ्या आधी बोलता. बास, एवढाच आहे." पदर सावरून त्या म्हणाल्या, "आणि या तीन आठवड्यांत तर तुम्ही तोही काढून घेतलात. मला वाटायला लागलं, माझ्या मनातलं काही खरंच नव्हतं. सगळं गळ्यातलं पाझरणं होतं. आता त्यांनी उत्तम आहे म्हटलं ना, रडू येत होतं मला. तब्येतीसाठी नाही."

मालकांकडे बरीच उत्तरं तयार होती. ती त्यांनी एकेक करून गिळली. मग म्हणाले, "तू गेलीस तर मला त्या घरात जाववणार नाही."

"हे आतून ओरडून सांगितलं असतं, तरी मला पुढे ऐकू आलं असतं."

"राहशील?"

"नाही."

महिनाअखेरीला मालकांनी स्वतः बॅग उचलून बसस्टँडवर आणली. तिकिटाच्या खिडकीशी बाई पुढे होत्या, तरी आतल्या माणसानं त्यांच्या खांद्यावरून मालकांकडेच पाहिलं.

"एक का दोन? नुसतं जायचं, की परतीचंही?"

मालकांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मागे रांग वाढत होती, कुणीतरी चला हो म्हणालं, आतल्या माणसानं पुन्हा विचारलं. मालकांच्या कपाळावर घाम आला, पण ते बाईंकडे पाहत गप्प उभे राहिले. बाईंनी त्यांना जरा वेळ तसंच उभं राहू दिलं.

"एकच," मग त्या म्हणाल्या. "जाऊन-येऊन. येण्याची तारीख मोकळी ठेवा."