श्री भवानी, पुसट

कोबेच्या गुणवंतरावांच्या आजोबांकडे एक तोड्याची बंदूक होती. तिचा बार उडाला, की बंदरातली जहाजं नांगर उचलून आपापल्या देशाला पळायची. एकदा तर आजोबांनी एकाच बारात तीन बदकं पाडली आणि चौथा पडला तो डच कप्तान.

"तो घाबरून पडला होता," अनुराधाबाई दर वेळी नवऱ्याची गोष्ट दुरुस्त करायच्या. "आणि बदकं बाजारातली."

गोष्टी कशाही असोत, बंदूक मात्र खरी होती. आजोबा व्यापाराला जपानात आले तेव्हा सोबत आली आणि महायुद्ध संपल्यावर घरोघरची हत्यारं गोळा झाली, त्यात गेली. वडिलांनी जन्मभर तिची वाट पाहिली. जाताना मुलाला म्हणाले, "बघ, मिळते का." तेवढ्यावर गुणवंतराव म्हातारे झाले.

जुन्या बंदुकांच्या शौकिनांचं तिकडे एक मंडळ आहे. आपल्याला माहीत असलेल्या बंदुकीची लांबी, लाकूड, कोरलेली अक्षरं असं सगळं प्रत्येक जण मंडळाच्या नोंदवहीत भरतो. मग कुणी खरेदीला निघाला, की आधी त्या नोंदी मागवून ताडून बघायचं. गुणवंतरावांकडे बंदूक नव्हती, पण नळीवर कागद ठेवून वडिलांनी काढलेला पेन्सिलीचा ठसा होता. त्यावरून आणि वडिलांनी सांगितलेल्या खुणांवरून त्यांनी नोंद भरली. कुणीतरी म्हणेल, अहो, ही तर माझ्याकडे आहे! वर्षानुवर्षं कुणी म्हणालं नाही.

यंदा नागोयाचे दुकानदार मिझुतानी-सान म्हणाले.

"आधी बघा, मग रडा," नागोयाला जाणाऱ्या शिनकान्सेन बुलेट ट्रेनमध्ये अनुराधाबाईंनी बजावलं.

"मी कुठे रडतोय?"

"मग तो रुमाल कशाला काढलात?"

दुकानात निळ्या कापडावर बंदूक ठेवली होती. गुणवंतरावांनी स्वतःची टेप लावली. लांबी जुळली. लाकूड जुळलं. दस्त्यावर आजीने एकदा नारळ फोडला होता, त्याची खोचसुद्धा नोंदीत होती. ती बरोब्बर जागेवर. त्या खोचेत अंगठा घालून म्हातारा उभा राहिला आणि रुमाल अखेर कामी आला.

"अहो," अनुराधाबाई नळीवर वाकून म्हणाल्या, "श्री भवानी, ते ठीक. पण पुढे हे काय लिहिलंय?"

गुणवंतरावांनी चष्मा पुसला. 'श्री भवानी'च्या शेजारी, खोल, ठळक, आंधळ्यालाही बोटाने वाचता यावा असा तिसरा शब्द कोरलेला होता. पुसट.

अक्षरं झिजली होती म्हणून त्यांनीच नोंदीत शेजारी लिहिलं होतं, 'पुसट'. जपानी शब्द ऐन वेळी सुचला नाही, म्हणून मराठीतच. ज्याने कुणी ती नोंद समोर ठेवून छिन्नी चालवली, त्याला वाटलं असावं, देवीचं आडनाव.

अनुराधाबाईंना आधी हसू फुटलं. मग नवऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं.

"शेवटचा शब्दही जुळतो," मिझुतानी-सान अभिमानाने म्हणाले. "मंडळानेही फोटो बघून कळवलंय, पूर्ण जुळते. काय अर्थ होतो हो त्याचा?"

"नीट दिसत नाही असा."

"असं कसं?" मिझुतानी-सानना वाईट वाटलं. "चांगला स्वच्छ दिसतोय की!"

या माणसाला कुणी फसवलं, की हाच फसवतोय, ते विचारायची गुणवंतरावांना इच्छाच उरली नाही. त्यांनी खोचेतून अंगठा काढून घेतला. आजीचा नारळही कुणीतरी परवाच फोडला होता.

परतीच्या गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मंडळाला फोनवरून सगळं लिहून पाठवलं. माझी नोंद काढून टाका, म्हणाले. क्योतो यायच्या आत उत्तर आलं. नोंद फार जणांकडे गेली असल्याने काढता येणार नाही. मात्र या वर्णनाची कोणतीही बंदूक यापुढे बनावट समजावी, अशी सूचना सर्व सभासदांना दिली आहे. आपल्या दक्षतेबद्दल मनापासून आभार.

म्हणजे खरी भवानी उद्या कुणाच्या माळ्यावर सापडली, तरी तिला खरी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

"काय म्हणतात?" अनुराधाबाईंनी विचारलं.

"आभार मानलेत."

"एवढंच?"

गुणवंतरावांनी फोन खिशात ठेवला.

"मनापासून मानलेत."