भोपळ्याकडे न रोखलेली छडी

मित्रांनो, मी एक जुनी वेळूची छडी आहे. जुनी म्हणून मला हलकी समजू नका. माझ्या टोकाकडे बघत देवगाव रंगारीतलं अर्धं गाव इंग्रजी शिकलं आहे.

आधी मी पराणी होते. कारभारी नावाचा शेतकरी माझ्या टोकाला खिळा ठोकून बैल हाकायचा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि गावच्या शाळेत मराठीतून शिकवू लागले. नवे रामकिसन गुरुजी आले. त्यांनी मला मागून घेतलं, खिळा उपटला, टोकाला चुना लावला. बैलाच्या पाठीवरून थेट इंग्रजीच्या तासाला! असा मान कुणाला मिळतो?

गुरुजींची रीत सोपी होती. माझं टोक पाटीला टेकवायचं आणि म्हणायचं, 'धिस'. तेच टोक लांबच्या कडुलिंबाकडे रोखायचं आणि म्हणायचं, 'दॅट'. जवळ पुष्कळ पाट्या असल्या की 'दीज', लांब पुष्कळ झाडं असली की 'दोज'. मला वाटायचं, मी नसते तर हे चारही शब्द आंधळे झाले असते.

शाळेला लागून आवडाबाईचं परस होतं. कुंपणावर भोपळ्याचा वेल. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. बाई तोंडाची फटकळ.

"मास्तर, ती काठी माझ्या वेलाकडं रोखायची नाय बरं! काठी म्हंजी लांबलेलं बोटच. बियाला ठेवलेत मी ते भोपळे."

तिची मुलगी मनकर्णा आमच्याच शाळेत होती. तिला आईनं बजावलं होतं, "शाळा तपासाया येणाऱ्या दिप्टीसाहेबानं इंग्रजीत पास केलं तर शहरात गुलमंडीला मावशीकडं शिकाया धाडीन. नाय तर खुरपं हायेच. मग रडायचं नाय." त्या दिवसापासून मनकर्णानं मला उशाशी घेऊन झोपायचंच काय ते बाकी ठेवलं.

तपासणीचा दिवस आला. दिप्टीसाहेबांनी मनकर्णाला उभं केलं, मला तिच्या हाती दिलं आणि कुंपणाकडे मान वळवली.

"त्या वेलावर काय आहे? काठी रोख आणि इंग्रजीत सांग."

तिनं मला उचललं, पण अर्ध्यातच हात थांबला. मला मात्र राग आला. एवढं सोपं उत्तर, आणि पोर मला वर नेईना!

"येत नाही?" साहेबांनी पेन्सिल काढली.

कुंपणापलीकडे आवडाबाई उभी होती. ती ओरडली, "दाखव गं मने! कुजले तर कुजू दे मेले! वेल काय, दुसरा लावता येतोय!"

मनकर्णानं आईकडे बघितलं आणि मला खाली ठेवलं. ती कुंपणाशी गेली. दोन कोवळ्या फळांखाली तिनं दोन तळवे धरले. "दीज आर पम्पकिन्स." मग दहा पावलं मागं आली, हात पाठीशी बांधले. "दोज आर पम्पकिन्स."

सगळी शाळा भोपळ्यांकडेच बघत होती. बोट नव्हतं, मी नव्हते. नुसत्या शब्दानं सगळ्यांच्या माना वळवल्या होत्या.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "हिला काठी लागत नाही. पास."

मी मातीत पडून ते ऐकलं. आवडाबाईनं पदर डोळ्याला लावला आणि पोरांवर खेकसली, "कचरा गेलाय डोळ्यात. बघता काय?"

मनकर्णा शहरात गेली. गुरुजींची बदली झाली. पुढच्या मास्तरांनी माझ्या फटक्यांनी पोरांचे तळहात लाल केले. ते दिवस मी सांगत नाही. एकदा मला तडा गेला आणि मी बाकांखाली फेकली गेले. तिथं वाळवीनं माझं टोक खाल्लं.

पुष्कळ वर्षांनी त्याच शाळेत मनकर्णाबाई म्हणून नव्या मास्तरीणबाई आल्या. त्यांनी मला ओळखलं, पदरानं पुसलं. मला वाटलं, पुन्हा तास! पण त्यांनी मला आईच्या कुंपणाशी नेलं आणि वेलाला आधार म्हणून रोवलं. तेव्हा फार अपमान वाटला.

मित्रांनो, आता माझी एकच विनंती आहे. लहानग्याला काही शिकवाल तेव्हा त्याच्यावर काठी रोखू नका. त्याच्याजवळ जा, खाली हात धरा.

यंदा एक कोवळा भोपळा माझ्या अंगाला टेकला. मी मनात हळूच म्हटलं, 'धिस'. तो अजून वाढतो आहे.