पॅकिंग अजून वाकतंय

अजून वाकतंय… बोटाभोवती गुंडाळलं तरी तडा जात नाही, सोडलं की मुकाट सरळ होतं — अगदी पहिल्यासारखं नाही, जरा आळसावल्यासारखं, पण होतं. हिरामणनं ते काळ्या रबराचं पॅकिंग वर्तमानपत्रावर ठेवलं, पुन्हा उचललं, उन्हाकडे धरलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या खाचेत कडेकडेनं बसणारी ही एवढीशी चीज, हिचं काम एकच, आतलं तेल आत ठेवायचं. एक वर्ष हिनं ते बिनतक्रार केलं. आज आतल्या टॅपेटची टकटक घालवायला झाकण उघडावं लागलं, त्यात हिचा काय गुन्हा? मग हिला फेकायची ती कशासाठी?

कशासाठी म्हणजे… शेजारी ती दुसरी पडलीय ना. पारदर्शक पिशवीत, तोंडाला पिन मारलेली, काळीकुळकुळीत, नव्या नवरीसारखी गप्प. काल ऋतिकानं आणली उल्हासनगर कॅम्प दोनमधून. गाडीचं मॉडेल, साल, सगळं बरोबर सांगून आणली. मला विचारलं नाही, मला सांगितलंही नाही, पान्यांच्या पेटीवर ठेवली आणि आत निघून गेली. पोरगी हुशार. लेकीला दुकानात बरोबर पॅकिंग मागता येतं याचा बापाला अभिमान वाटावा की राग यावा, हे हिरामणला सकाळपासून ठरवता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दोन्ही एकाच वेळी येत होतं.

"अवो, चाय थंड झाली," ओट्यावर सुके बोंबील निवडत बसलेली बकुळा म्हणाली. "ती नवीन लावा नी मोकले व्हा एकदाचे."

"तुला काय कलतं त्यातलं?"

"नाय कलत. म्हणून तर सांगतंय."

तो हसला. रविवारचं ऊन अंगणात छान पसरलं होतं, बदलापूर गावात एवढी शांतता आता रविवारीच मिळते, बॉनेट उघडी टाकून गाडी निवांत उभी होती, टॅपेट त्यानं असे बसवले होते की आता कान लावून ऐकलं तरी शिवणयंत्र चालल्यासारखं ऐकू यावं. हात अजून चालतात. एकसष्टाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं असतं? तेवढं हे पॅकिंग सोडलं तर.

फेकायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. अठराव्या वर्षी कॅम्प दोनमध्ये लछमनदास उस्तादाच्या गॅरेजात हाताखाली लागला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं एक जुना वायसर कचऱ्यात टाकला, आणि उस्तादानं तो कचऱ्यातून त्यालाच काढायला लावला. "साईं, फेंकने से पहले उससे पूछ, तेरा कसूर क्या है?" आणि पूछ म्हणजे खरंच विचारायचं — वाकवून, नख रोवून, काचेवर सपाट बसतो का ते बघून. पाण्याच्या पंपाचं पॅकिंग तर उस्ताद विकत आणूच देत नसे. जाड कागद पंपाच्या तोंडावर धरायचा, हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं, कागद आपोआप आकारात कापला जातो. सगळ्यात चांगला कागद लग्नपत्रिकेचा. हिरामणनं स्वतःच्या लग्नाची उरलेली पत्रिकासुद्धा सोडली नव्हती, आणि बकुळाला कपाटात तिचा तुकडा सापडला तेव्हा तिच्या नावातला 'ब' तेवढा शिल्लक होता, बाकीची बकुळा कुणाच्या तरी टेम्पोत नाशिकला गेली होती. आठ दिवस बोलली नव्हती बाई! मग आनंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं देखभाल खात्यात — तिथंही तेच, हिरामण म्हात्रे पॅकिंग वाचवतो. नावच पडलं होतं.

आणि वाचवता वाचवता…

नको ते. पण ते येतंच. गेल्या वर्षी आधीचं पॅकिंग असंच काढलं होतं, कडक झालं होतं ते, आणि ह्यानं काय करावं, पेट्रोलच्या डब्यात दिवसभर बुडवून ठेवलं. रबर पेट्रोल पितं, फुगतं, मऊ लागतं; खाचेत असं गच्च बसलं की ह्यानं ऋतिकाला हाक मारून दाखवलं, "बघ, परत जवान केलं!" अरे गाढवा, पेट्रोल उडून गेलं की ते पुन्हा आकसणार, हे कॅम्प दोनमधला शेंबडा पोरगा सांगेल. आठ दिवसांनी भाचीच्या हळदीला निघाले, बारवी धरणाच्या रस्त्यावर तेल गळून तापलेल्या पाइपावर पडलं, बॉनेटमधून भसाभस धूर, आणि पिवळ्या साड्या नेसलेल्या मायलेकी जंगलातल्या रस्त्याच्या कडेला दीड तास उभ्या. ऋतिका एक शब्द बोलली नाही. हळदीच्या मांडवात मात्र कुणीतरी विचारलं, उशीर का झाला गो? आणि खांबाआड उभ्या असलेल्या त्याच्या कानावर तिचं उत्तर आलं, "पेट्रोल संपलं वाटेत, पप्पा काय करणार?"

तिनं मला झाकलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. माझ्या पोरीनं मला झाकलं, जसं म्हाताऱ्या माणसाचं सांडलेलं ताट कुणी न बोलता पुसून घेतं… आणि मी खांबाआडून बाहेर आलो नाही.

उद्या ती एकटी निघणार. मुरबाडच्या पलीकडच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून पहिला दिवस, एसटीच्या वेळा जुळत नाहीत म्हणून ही गाडी, आणि रस्ता तोच, बारवीचा.

त्यानं पॅकिंगवर नख रोवलं. खूण उमटली. भरून येते का बघितलं… येत होती, पण सावकाश, विचार करत करत. म्हणजे चालेल. म्हणजे कदाचित चालेल. आणि कदाचितवर पोरीला जंगलातल्या रस्त्यानं पाठवायचं? मग नवीन बसव की, कोण अडवतंय? पण नवीन बसवलं की पुन्हा तेच, ती काही बोलणार नाही, मीही काही बोलणार नाही, ती आत जाऊन आईला हळूच सांगेल, बसवलं गं त्यांनी. आणि जुनं बसवून पिशवी गुपचूप चुलीत घातली तर? छी. तोही एक खांबच, आड लपायला.

ऋतिका ओले केस पुसत बाहेर आली, सरळ गाडीत जाऊन बसली, सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला. त्याला ते बघून फार बरं वाटलं.

"पप्पा, झालं? बसवलं?"

"नाही. इकडं ये, बाय."

ती आली, उकिडवी बसली. त्यानं दोन्ही पॅकिंग तिच्यासमोर ठेवली.

"कुठलं बसवू?"

"तुम्हाला वाटेल ते. तुम्हाला जास्त समजतं ना." तोच आवाज. मऊ, पुसून घेणारा.

बकुळाचे हात थांबल्याचं त्याला न बघताच कळलं. आता नाही बोललो तर ही अशीच मला सांभाळत राहील, आणि मी सांभाळला जाईन, मरेपर्यंत.

"बारवीला पेट्रोल संपलं नव्हतं," तो म्हणाला. "पॅकिंग मी खराब केलं होतं. पेट्रोलात घालून. मांडवात तू बोललीस ते मी ऐकलं होतं."

ऋतिकाचे कान लाल झाले. मग ती हसू दाबायला गेली आणि ते दाबलं गेलं नाही. "वर्षभर ऐकून बसलात? कमाल आहे तुमची पण!" तिनं जुनं पॅकिंग उचललं, बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, मग नख रोवून खाली वाकून बघत राहिली — इतका वेळ, इतक्या बारकाईनं, की तिला हे कुणी शिकवलं ते त्याला आठवेना… बघत बघत शिकली असेल.

तिनं मान वर केली. "पप्पा, खरं सांगू?"

हिरामण जुन्याच्या बाजूनं बोलायला तयार होऊन बसला होता, सगळं मनात मांडून झालं होतं, आणि आता आत बघतो तर त्यातलं काहीच जागेवर नव्हतं. तिनं दोन्हीतलं कुठलंही सांगितलं तरी चालणार होतं. अंग हलकं झालं होतं, भूकही लागली होती.

"सांग ना," तो म्हणाला. "खरंच सांग."