तपासून सही

माझ्या नवऱ्याला इंग्रजी येत नाही, हे घरात फक्त मला माहीत होतं. रोज इंग्रजी पेपर उघडून बसायचा. उलटा धरत नव्हता, एवढंच!

मी लॉन्ड्रीत इस्त्री करते. दुपारी तिथल्याच मागच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग भरतो. बाईंचा नियम असा: आठवड्याला एक क्रियापद, रोज त्याचं एक वाक्य, घरातलं आणि खरं. खाली घरच्या माणसाची सही. वही शनिवारी दाखवायची. त्या आठवड्यात होतं 'बीट अप'. "नुसतं 'बीट' म्हणजे मारणं," बाई म्हणाल्या, "'बीट अप' म्हणजे अंग अंग सुजेपर्यंत बदडणं." बायका फिदीफिदी हसल्या. माझी पाठ ठणकत होती. दार उघडायला उशीर झाला म्हणून नवऱ्यानं सकाळीच मला पट्ट्यानं फोडून काढलं होतं.

मी लिहिलं, 'माय हजबंड बीट मी अप ऑन मंडे.' सहीसाठी वही त्याच्यापुढे धरली. त्यानं ओळीवरून बोट फिरवलं, "स्पेलिंग बरोबर आहे," म्हणाला आणि झोकात सही ठोकली. सासूबाई लेकाकडे कौतुकानं बघत होत्या.

मंगळवारी केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. वाक्य, सही. बुधवारी पोटात लाथा. वाक्य, सही. गुरुवारी दात पाडला. तरीही सही! शुक्रवारी त्यानं माझं उजवं मनगट चौकटीत धरून दार लावलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं.

वही काखेत मारून मी पोलीस चौकीत गेले. आधी दोनदा गेले होते. "जिन्यावरून पडली," तो म्हणायचा, सासूबाई री ओढायच्या आणि पोलीस मला घरी पाठवायचे. या वेळी परत पाठवलं असतं, तर त्यानं मला जिवंत ठेवलं नसतं.

दोघांना बोलावलं. पुन्हा तोच जिना.

पोलीसबाईंनी वही चाळली. "सही तुमची?"

"माझीच! तिचा अभ्यास मीच तपासतो. शब्दन् शब्द वाचल्याशिवाय सही करत नाही."

"यातलं सगळं बरोबर?"

"शंभर टक्के."

मग त्यांनी चारही वाक्यं मराठीत मोठ्यानं वाचली. सासूबाई लेकापासून बाजूला सरकल्या. त्याचा हात सवयीनं माझ्यावर उठला, भर चौकीत. हवालदारानं तो वरच्या वर धरला.

"शुक्रवारचं राहिलंय," मी म्हणाले. "माझा हात मोडलाय. तुम्हीच लिहून घ्या."