पाचोऱ्याच्या गाडीची भिंत

पाचोऱ्याची छोट्या रुळांची जुनी गाडी योगराज सरांनी जळगावच्या एका हॉलमध्ये पुन्हा धावती केली होती. टेबलावर, बरं का! वीतभर डबे, बोटभर रुंदीचे रूळ, पूल, भराव, सगळं हुबेहूब. भरावाच्या दगडी भिंतींना मात्र खरा हात हवा होता, म्हणून पाचोऱ्याहून झुलालनानांना आणलं. नानांची उभी हयात रेल्वेच्या भिंती बांधण्यात गेलेली. पण आता त्यांना ताटातला खडा दिसेना, तिथे चण्याएवढा दगड काय दिसणार? आठ दिवस राबली ती त्यांची बायको, लिलाबाई.

आणि काम असंतसं नाही. काळा दगड फोडून तिनं एकेक कपची घडवली, सांध्यावर सांधा येऊ दिला नाही, डिंकाचा थेंब लावला नाही. सर म्हणाले, "अक्का, भिंत मागे कललीय. सरळ करा."

ती फणकारली, "भरावनी भित मांगेच कलस. सरळ लायी ते माटी तिले ढकली दी."

सरांनी भिंत तशीच राहू दिली. तीस वर्षं तिनं हे सगळं डोक्यावर पाटी घेऊन खालून पाहिलं होतं. बाईनं दगड वाहायचा, बसवायचा नाही, अशी रीत. हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'बिगारी' लिहायचे.

उद्घाटनाच्या सकाळी भिंतीपुढे पाटी लागली. 'दगडी बांधकाम: श्री. झुलाल चिंधा सोनवणे.' तिनं अक्षराला अक्षर जोडून ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हाई भित कोनी बांधी?"

"अक्का, नानांचं नाव म्हणजे तुमचंच की," सर हसले. "बरं, खाली 'व सौ.' घालतो."

"सौ.ले नाव नही का?"

"ऱ्हाऊ दे ना व," नाना पुटपुटले. "पावना यी ऱ्हायनात."

आठ दिवस हा माणूस शेजारी बसून चहा पीत होता, आणि आता तिच्या बाजूनं एक शब्द त्याच्या तोंडून निघेना. तिला राग तर आलाच, पण त्याहून वाईट वाटलं.

मग तिनं पदर पसरला आणि वरच्या थरातला एकेक दगड उचलून त्यात टाकायला सुरुवात केली. एक थर गेला. दुसरा अर्धा गेला. बाहेर पाहुण्यांच्या मोटारीचं दार वाजलं.

"अक्का, काय करताय हे!"

"मन्ही भित घर लई जास. तुम्ही नानाकडथीन बांधी ल्या."

सरांची पार भंबेरी उडाली. त्यांनी पाटी उपटून उलटी केली, पेन काढलं. "सांगा. लिलाबाई झुलाल..."

"झुलाल नको. लिलाबाई."

"आणि पुढे?"

तिनं पदरातला एक दगड काढला, सांधा पाहून भिंतीवर बसवला आणि अंगठ्यानं दाबला.

"गवंडी लिखा."